पेनुटियन नावाचं भाषाकुळ खरंच आहे का?

रानजाई

भाषाकुळांवर इथे धागे निघतात, पण पन्नासाव्या प्रतिसादापर्यंत गाडी 'आर्य कुठून आले' यावर घसरतेच. म्हणून या वेळी मुद्दाम असा विषय घेतेय ज्यात आपल्यापैकी कुणाच्याच अस्मितेला धक्का लागणार नाही.

उत्तर अमेरिकेचा पश्चिम किनारा. १८९१ साली जॉन वेस्ली पॉवेल यांनी मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांच्या भाषांची ५८ कुळं पाडली. त्यातली वीसहून जास्त एकट्या कॅलिफोर्नियात! एका राज्याच्या मापात इतकी वेगवेगळी कुळं हे कुणालाही खटकणारच. रोलंड डिक्सन आणि आल्फ्रेड क्रोबर यांनाही खटकलं. १९०३मध्ये त्यांनी या भाषांचे रचनेवरून गट पाडले होते, पण हे गट नात्याचे नव्हेत असं स्वच्छ सांगून. पुढे बऱ्याच बोलींतले मोजके शब्द ओळीने मांडताना त्यांना साम्यं दिसायला लागली आणि १९१३मध्ये त्यांनी पाच कुळं एकाच मोठ्या कुळात घातली: विंटुअन, मैडुअन, योकुट्स, मिवोक आणि कोस्टानोअन (हिला आता ओलोनी म्हणतात). पहिल्या तिघांत 'दोन'साठी 'पेन'सारखा शब्द, उरलेल्या दोघांत 'उटी'सारखा. दोन्ही जोडून नाव झालं पेनुटियन.

इथवर थांबलं असतं तर फार वाद झाला नसता. पण भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी हे छप्पर उत्तरेकडे वाढवलं. ओरेगॉनमधल्या टकेल्मा, कूस, सायुस्लॉ, कलापुया, कोलंबिया नदीकाठची चिनूक, आतल्या पठारावरच्या सहाप्टिन, नेझ पर्स, क्लॅमथ, आणि पार ब्रिटिश कोलंबियातली त्सिमशियन. १९२९मध्ये ब्रिटानिका विश्वकोशात त्यांनी अख्ख्या उत्तर अमेरिकेच्या भाषा फक्त सहा महाकुळांत बसवल्या. पेनुटियन त्यातलं एक, आणि त्यात मेक्सिकोतल्या मिहे-सोके आणि वावेसुद्धा आल्या. सपीर यांनी हा आराखडा पुढच्या कामासाठी म्हणून मांडला होता. पण विश्वकोशात छापलेलं लोक पाठ करतात. पुढची कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत तो सिद्ध झाल्यासारखा वावरला.

१९८७मध्ये जोसेफ ग्रीनबर्ग यांनी कळस केला. त्यांचं पेनुटियन अलास्काच्या सीमेपासून ग्वाटेमालापर्यंत, माया भाषांसकट. आणि ते पुन्हा 'अमेरिंड' नावाच्या अजून मोठ्या पोत्यात. लाइल कॅम्पबेल, आइव्ह्ज गोडार्ड वगैरे भाषाशास्त्रज्ञ मंडळी त्यावर तुटून पडली. 'हँडबुक ऑफ नॉर्थ अमेरिकन इंडियन्स'च्या १९९६च्या भाषांवरच्या खंडात गोडार्ड यांनी उत्तर अमेरिकेच्या भाषा मांडल्या त्या ६२ कुळांत आणि एकाकी भाषांत. म्हणजे शंभर वर्षांनी आपण पॉवेलच्याही मागे गेलो!

माझं मत असं की 'पेनुटियन आहे की नाही' हा प्रश्नच चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतो. एकेक सांधा वेगळा तपासला तर काही घट्ट आहेत, काही सैल, काही तर नुसते कागदावर काढलेले. मिवोक आणि कोस्टानोअन यांचं नातं कॅथरीन कॅलहन यांनी ध्वनींच्या नियमित जुळण्या दाखवून पक्कं केलं. त्या कुळाला यूटियन म्हणतात आणि त्यावर आता फारसा वाद नाही. बाकीच्यांचं काय, ते बोलूया.

सनातन_शंका

चांगला लेख. पण मला सरळ विचारायचंय. शंभरावर वर्षं झाली, सिद्ध झालं नाही. मग हे नाव अजून का वापरायचं? वैद्यकात असं औषध कधीच बाजारातून काढलं असतं.

रानजाई

@सनातन_शंका, कारण न सिद्ध झालेलं आणि खोटं ठरलेलं यात फरक आहे. शेजारचंच उदाहरण घ्या. उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर विऑट आणि युरोक या दोन भाषा आहेत. १९१३मध्येच सपीर म्हणाले की या अल्गोन्कियन भाषांच्या नात्यातल्या आहेत. अल्गोन्कियन म्हणजे क्री, ओजिब्वे वगैरे, बहुतेक सगळ्या रॉकी पर्वताच्या पलीकडे. ट्रूमन मायकेलसन यांनी ते साफ उडवून लावलं आणि वाद चाळीसेक वर्षं भिजत पडला. १९५८मध्ये मेरी हास यांनी पुरावा नीट मांडला आणि आज ते नातं सर्वमान्य आहे. तेव्हा सपीर यांचं नाक तीक्ष्ण होतं हे मान्य करायला हवं. प्रत्येक वेळी बरोबर ठरलं असं नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

सनातन_शंका

एक निशाणा लागला म्हणून बाकीचे लागले असं नाही होत.

रानजाई

नाहीच होत. म्हणून तर सांधा सांधा तपासायचा.

मयसभा

रोचक. माया भाषा पेनुटियनमध्ये येतात म्हणालात. आपल्याकडे मयासुराने मयसभा बांधली. माया लोकही मोठे बांधकामवाले. हा योगायोग समजायचा का?

कोंडाजी_फर्जंद

आला! दहाव्या प्रतिसादाच्या आत आला!! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

रानजाई

@मयसभा, हो, योगायोगच समजायचा. चिडू नका, कारण तुमच्या प्रश्नातच या सगळ्या वादाची मेख आहे.

मराठीत 'दोन', लॅटिनमध्ये 'दुओ', मलयमध्ये 'दुआ'. ऐकायला तिन्ही सख्खी भावंडं. प्रत्यक्षात मलय भाषेचा आपल्या कुळाशी संबंध नाही, ते साम्य निव्वळ अपघाती आहे. आता आर्मेनियन घ्या. 'दोन'ला ते म्हणतात 'एर्कू'. ऐकून कुणी म्हणेल का की हा 'द्वा'चा भाऊ? पण आहे. मूळच्या 'द्व'च्या जागी आर्मेनियनमध्ये 'एर्क' येतं आणि तसं इतर शब्दांतही येतं. नातं ठरतं ते असं, पुन्हा पुन्हा त्याच नियमाने होणाऱ्या बदलावरून. कानाला काय सारखं लागतं याला किंमत नाही.

डिक्सन-क्रोबरांकडे बहुतांशी कानाला लागणारी साम्यं होती. ग्रीनबर्ग यांनी तर शेकडो भाषांच्या याद्या शेजारी ठेवून नजरेनेच जुळवल्या. इतक्या भाषा आणि अर्थाला थोडी ढील दिली ('डोळा', 'पाहणे', 'चेहरा' सगळं एकच धरलं) की साम्यं निघणारच. न निघाली तर नवल.

घाटवळण

पण याच ग्रीनबर्गची आफ्रिकेची वर्गवारी सगळे मानतात ना? तिथे चालली ती पद्धत अमेरिकेत का चालू नये?

जुनी_वही

@घाटवळण, सगळे आणि सगळी नाही मानत. १९६३च्या त्या पुस्तकातल्या चार कुळांपैकी 'खोइसान' आज बहुतेक तज्ज्ञ एक कुळ मानत नाहीत, त्याची निदान तीन स्वतंत्र कुळं आणि दोन सुट्या भाषा धरतात. नायलो-सहारनवरही वाद चालू आहे. जे टिकलं ते नंतर इतरांनी खपून तपासलं म्हणून.

अवांतर, पण इथल्या लोकांना आवडेल असं: पेनुटियनवर काम करणाऱ्या मंडळींचा आपल्याशी चांगलाच धागा जुळतो. मरी एमेनो हे नाव द्राविडी भाषांमुळे ऐकलं असेल. ते येल विद्यापीठात सपीर यांच्या तालमीतले. १९३५ ते ३८ भारतात होते, तोडा, कोटा या निलगिरीच्या भाषांवर काम केलं आणि आपल्या विदर्भातल्या कोलामीवरही. वर्धेकडच्या कोलामीवरचं त्यांचं पुस्तक १९५५चं. हेच एमेनो पुढे बर्कलीला (कॅलिफोर्निया विद्यापीठात) गेल्यावर मेरी हास यांच्याबरोबर कॅलिफोर्नियातल्या मूळ भाषांचं सर्वेक्षण उभं करतात, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला. त्या सर्वेक्षणातून कोण कोण बाहेर पडलं बघा: मैडूवर विल्यम शिप्ली, विंटूवर हार्वी पिटकिन, मिवोकवर कॅलहन, क्लॅमथवर एम. ए. आर. बार्कर. पेनुटियनची पुढची अर्धशतकाची शिदोरी म्हणजे हीच माणसं.

बार्कर तर विलक्षण गृहस्थ. क्लॅमथचं व्याकरण, कथा आणि कोश तीन खंडांत छापून ते उर्दू आणि बलुचीकडे वळले. त्यांचा उर्दूचा अभ्यासक्रम अमेरिकेत बरीच वर्षं शिकवला जायचा.

कोंडाजी_फर्जंद

म्हणजे वर्ध्याहून निघालं की कॅलिफोर्नियाला पोचता येतं. आमच्या पोरांना सांगतो, व्हिसा लागत नाही.

पावसाळी_पोर्टलंड

मी हिल्सबरोजवळ राहतो. आमच्याकडे चिप बनवणाऱ्या कंपन्यांमुळे मराठी माणूस गल्लोगल्ली आहे, गणपतीत ढोलही वाजतात. हे सगळं ज्या खोऱ्यात आहे त्याचं नाव टुआलटिन. ते तिथल्या कलापुया लोकांच्या एका गटाचं नाव. त्यांची बोली कलापुया भाषांपैकी सर्वांत उत्तरेकडची. आता ती बोलणारं कुणी नाही.

१८३०च्या दशकाच्या सुरुवातीला विलामेट खोऱ्यात आणि कोलंबियाच्या खालच्या भागात तापाची साथ आली (बहुतेक हिवताप) आणि गावंच्या गावं ओस पडली. उरलेल्यांना १८५५चे करार करून पुढच्या वर्षी ग्रँड रोंडच्या राखीव जमिनीवर हलवलं. दक्षिणेकडे रोग नदीवर टकेल्मा लोक होते. १८५५-५६च्या युद्धानंतर त्यांनाही हाकलत तिथे आणि सिलेट्झला नेलं. एकमेकांची भाषा न कळणारे लोक एकाच ठिकाणी कोंबले गेले तेव्हा ते चिनूक वावा बोलायला लागले, म्हणजे व्यापारातली मिश्र बोली. गंमत अशी की ग्रँड रोंडमध्ये आज मुलांना शिकवली जाते ती हीच मिश्र बोली.

हे लिहिलं कारण वर कुणी विचारलं की शंभर वर्षांत सिद्ध का होत नाही. ज्याच्यावर सिद्ध करायचं ते साहित्यच शिल्लक नाही हो.

रानजाई

@पावसाळी_पोर्टलंड, हा प्रतिसाद खरं तर मूळ लेखात हवा होता. थोडी भर घालते.

टकेल्माबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते जवळपास सगळं एका बाईमुळे. फ्रान्सिस जॉन्सन. १९०६च्या उन्हाळ्यात विशीतले सपीर सिलेट्झला तिच्याकडे बसले. त्यातून गोष्टींचा संग्रह आला आणि जे व्याकरण आलं ते आजही या विषयातलं नावाजलेलं काम आहे. ती १९३४मध्ये गेली. कूसच्या दोन्ही भाषा, हॅनिस आणि मिलुक, येणारी ॲनी माइनर पीटरसन १९३०च्या दशकात मेल्व्हिल जेकब्स यांना भेटली म्हणून मिलुक आपल्यापर्यंत आली. खाली कॅलिफोर्नियात फ्रान्सिस्कन मिशनरी आरोयो दे ला कुएस्ता यांनी सान हुआन बाउतिस्ता मिशनमध्ये १८१५च्या सुमारास मुत्सुन भाषेची टिपणं केली. शंभरेक वर्षांनी जॉन हॅरिंग्टन यांनी असेन्सिओन सोलोर्सानो या म्हाताऱ्या बाईंच्या अंथरुणाशी बसून तीच भाषा लिहून घेतली. १९३०च्या जानेवारीत त्या वारल्या.

आता विचार करा. एकेका भाषेला एक-दोन माणसं. लिहून घेणाऱ्याचा कान कसा आहे यावर सगळं अवलंबून. लिओ फ्राख्टनबर्ग यांनी कूस, सायुस्लॉ, अल्सी या तिन्हींवर काम केलं, पण घशातून झटक्याने सोडायचे आणि साधे व्यंजन यांतला फरक प्रत्येक वेळी नीट टिपला गेलाय का याची खात्री देता येत नाही. ध्वनिनियम काढायचे तर हाच फरक लागतो.

कय्यूस भाषेचं तर वेगळंच. होरेशिओ हेल यांनी १८४०च्या दशकात, अमेरिकी नौदलाच्या विल्क्स शोधमोहिमेच्या वेळच्या सामग्रीवरून, कय्यूस आणि मोलाला एकाच कुळात टाकल्या. पॉवेलनेही तसंच ठेवलं. ब्रूस रिग्सबी यांनी १९६०च्या दशकात जुनी टिपणं काढून पाहिली तर त्या नात्याला आधारच नाही! दोन्ही जमाती शेजार-पाजार, इतकंच. शतकभर सगळ्यांनी एकमेकांचं बघून उतरवलं होतं.

कृष्णाकाठ

शेजार-पाजारावरून आठवलं. आम्ही सांगलीकर या विषयात जगप्रसिद्ध आहोत हे इथे कुणाला माहीत नाही वाटतं.

जॉन गम्पर्झ (हेही बर्कलीचेच) आणि रॉबर्ट विल्सन यांचा १९७१चा लेख आमच्या कुपवाडवर आहे, लेखात 'कुपवार' छापलंय. गावात कन्नड बोलणारे जैन, उर्दू बोलणारे मुसलमान, मराठी बोलणारे, थोडे तेलुगू. पिढ्यान्‌पिढ्या सगळे एकमेकांशी व्यवहार करतात पण घरात आपापली भाषा. त्यांना दिसलं की या भाषांची वाक्यरचना इतकी एकसारखी झालीय की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द बदलून दुसरीत जातं. शब्द मात्र ज्याचे त्याचे. पुढे डेक्कन कॉलेजच्या लोकांनी पुन्हा तिथे जाऊन पाहिलं, आता प्रमाण मराठीचा जोर वाढल्याने चित्र बदलतंय.

मुद्दा असा की रचना उसनी घेता येते. मग सपीर यांनी 'पेनुटियन धातूचा खास साचा' म्हणून १९२१मध्ये जे दाखवलं, दोन अक्षरी धातू आणि दोन्हीत तोच स्वर, त्यावरून नातं कसं ठरणार? कॅलिफोर्निया म्हणजे शेकडो वर्षांचं कुपवाडच की.

रानजाई

@कृष्णाकाठ, वा! हाच आक्षेप तिकडचेही लोक घेतात. फक्त एक बाजू राहिली. कुपवाडात साचा एक झाला तरी विभक्ती प्रत्ययांचे आवाज एक झाले नाहीत. मराठीचा 'ला' कन्नडमध्ये गेला नाही. म्हणून पठारी पेनुटियनवाले (म्हणजे आतल्या पठारावरच्या भाषांचा एक गट मानणारे) रचनेपेक्षा प्रत्ययांच्या प्रत्यक्ष रूपांवर भर देतात. नोएल रूड यांनी १९८७मध्ये क्लॅमथ आणि सहाप्टियन (सहाप्टिन व नेझ पर्स मिळून) यांच्यात अशा व्याकरणातल्या जुळण्या दाखवल्या. हॉवर्ड बर्मन यांनी १९९६मध्ये मोलाला त्यांच्यात बसवली. सहाप्टिन, नेझ पर्स, क्लॅमथ आणि मोलाला हा सांधा मला यूटियनच्या खालोखाल मजबूत वाटतो.

त्याच्या उलट टकेल्मा आणि कलापुया. हे नातं बरीच वर्षं पक्कं धरलं जायचं, मॉरिस स्वॉडेश आणि शिप्ली यांच्या कामावरून. १९९८मध्ये मारी-ल्युसी तारपाँ आणि डेथल केंडल यांनी ते पुन्हा तपासलं आणि म्हणाले, नाही पटत. तारपाँ स्वतः त्सिमशियनला पेनुटियन मानतात! म्हणजे समर्थकांचा आणि विरोधकांचा असे दोन सरळ तट नाहीतच.

सनातन_शंका

सर्वनामांवरून नाही का ठरवता येत? ती सहसा उसनी घेत नाहीत म्हणतात.

जुनी_वही

पेनुटियनमधल्या बऱ्याच भाषांत 'मी'ला न आणि 'तू'ला म येतो. पण तो न-म अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर खूपच पसरलाय, पेनुटियनच्या बाहेरही. जोहाना निकल्स आणि डेव्हिड पीटरसन यांनी १९९६मध्ये याचा नकाशाच मांडला. आपलं मी-तू घ्या, म आणि त. तुर्की घराण्यात आणि फिनिशच्या घराण्यातही 'मी'ला म आणि 'तू'ला त किंवा स आहे. म्हणून काही आपण फिनिश लोकांच्या घरी सोयरीक करायला जात नाही. सर्वनामांनी दिशा दिसते, निकाल लागत नाही.

पानफुटी

मी वनस्पतीशास्त्राची, भाषेतलं कळत नाही. पण एक संदर्भ आमच्या वर्गात आला होता. केनेथ व्हिसलर यांनी १९७७मध्ये विंटू भाषांतली झाडांची आणि प्राण्यांची नावं तपासली. कॅलिफोर्नियाच्या सॅक्रामेंटो खोऱ्यातच खास आढळणाऱ्या जातींची नावं बघितली तर बरीच उसनी, शेजाऱ्यांकडून घेतलेली. उत्तरेत आढळणाऱ्यांची नावं मात्र घरची. त्यावरून ते म्हणाले की हे लोक उत्तरेकडून, ओरेगॉनच्या बाजूने, उशिरा खाली उतरले असावेत. हे पेनुटियनच्या बाजूने की विरुद्ध?

रानजाई

@पानफुटी, दोन्ही! 'कॅलिफोर्नियाचं पेनुटियन' या मूळच्या पाच जणांच्या गटाच्या विरुद्ध, कारण विंटू जर बाहेरून आले तर मैडू-योकुट्सशी त्यांचं जे साम्य आहे त्यातलं बरंच शेजारामुळे असणार. शिप्ली आणि रिचर्ड स्मिथ यांनी मैडूबद्दलही असंच काहीसं मांडलं. पण मोठ्या, ओरेगॉनसकट पेनुटियनच्या बाजूने, कारण मग उगम उत्तरेकडे शोधायला वाव मिळतो. १९९४मध्ये ओरेगॉन विद्यापीठात यावर कार्यशाळा झाली आणि नंतर स्कॉट डीलँसी आणि व्हिक्टर गोल्ला यांनी आढावा लिहिला, त्यात कॅलिफोर्नियाचा हा जुना गाभा असा गट धरलेला नाही. ज्या पाच भाषांवरून नाव पडलं त्यांचाच गट मोडला, आणि नंतर चिकटवलेल्यांतला एक तुकडा जास्त टणक निघाला. कॅलहन यांनी योकुट्स आणि यूटियन यांना जोडणारं 'योक-यूटियन' सुचवलंय. मला ते आशादायक वाटतं, पण सगळ्यांना पटलंय असं नाही.

घाटवळण

धागा वाचनखूण करून ठेवलाय. एक शेवटचं. झुनीसुद्धा पेनुटियन असं कुठेतरी वाचलं होतं. न्यू मेक्सिकोची झुनी, तीच ना? ती कशी काय?

जुनी_वही

तीच. योकुट्सचं गाजलेलं व्याकरण लिहिणारे स्टॅन्ली न्यूमन यांनी १९६४मध्ये झुनी आणि कॅलिफोर्नियाच्या पेनुटियनची तुलना छापली. शब्दांच्या जोड्या, ध्वनींच्या जुळण्या, सगळं रीतसर. कॅम्पबेल यांनी नोंदवलंय की न्यूमन यांना ओळखणाऱ्यांच्या मते तो लेख त्यांनी गंमत म्हणून लिहिला होता.

घाटवळण

आणि लोकांनी खरा धरला?

जुनी_वही

ग्रीनबर्गच्या पेनुटियनमध्ये झुनी आहे.

कोंडाजी_फर्जंद

😂😂 हा धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

रानजाई

झुनी अजून हजारो लोक घरात बोलतात, त्यामुळे टकेल्मासारखी अडचण तिथे नाही. कुणाला ती गंमत खरी करून दाखवायची असेल तर सामग्री भरपूर आहे. फक्त ध्वनिनियम दाखवा म्हणावं, याद्या नकोत.